मालकाने थांबावे

सज्जनहो, चाळीस-बेचाळीस वर्षे मी कीर्तने केली. आता आवाज बसला, गुडघे बसले, म्हणून मीही लोहाऱ्याला घरी बसलो आहे. या वर्षांत एक दृष्टान्त मी इतक्या वेळा सांगितला की टाळकऱ्यांनाही तो पाठ झाला होता. देह म्हणजे भाड्याचे घर. आपण त्यात चार दिवसांचे भाडेकरू. मालकाने 'निघ' म्हटले की भांडीकुंडी आवरायला सवड मिळत नाही; म्हणून घराला आपले म्हणू नये, मालकाशी सलगी ठेवावी, आणि वेळ आली की हसत किल्ली द्यावी. श्रोते माना डोलावत, बायाबापड्या पदर डोळ्यांना लावत, आणि मी पुढच्या चरणाकडे वळे.

दृष्टान्त खोटा नाही. पण मी तो कायम एकाच बाजूने सांगत आलो. उपदेश भाडेकरूला होता. मालकाने कसे वागावे हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. तो पडला दोन-तीन वर्षांपूर्वी, मी स्वतः मालक होतो तेव्हा. त्या वेळी मी जसा वागलो ते व्यासपीठावरून सांगण्यासारखे नव्हते. म्हणून ते इथे लिहितो.

आधी घर कसे आहे ते सांगतो, म्हणजे पुढचे कळेल. आमचे मागचे घर जुने. दगडमातीच्या भिंती, दोन खण माळवद, उंच जोते आणि आत जायला पाच पायऱ्या. १९९३ च्या भूकंपात त्यातला अर्धा भाग गेला. उरला तो टेकू देऊन, डागडुजी करून राहता ठेवला. पुढच्या अंगाला भूकंपानंतर लोखंड-सिमेंट घालून दोन पक्क्या खोल्या बांधल्या. रस्त्याच्या पातळीला, पायरी न चढता जाता येईल अशा, आणि आतच संडास-मोरी. या दोन खोल्या मी भाड्याने देत आलो. त्या वर्षी तिथे एस.टी.तले एक कंडक्टर कुटुंबासह राहत होते. नवरा-बायको, एक मुलगी. १ जून ते ३० एप्रिल असा अकरा महिन्यांचा करार, रीतसर नोंदवलेला. भाडे पाच तारखेच्या आत हातात. सणावाराला त्यांच्याकडून पुरणपोळी यायची, आमच्याकडून काल्याचा प्रसाद जायचा. मुलगी दहावीला होती. रोज शाळेला निघताना मला वाकून नमस्कार करी आणि 'आजोबा, येते' म्हणे.

मार्गशीर्षात माझी थोरली बहीण पडली. आम्ही तिला आक्का म्हणतो. वय ऐंशीच्या घरात, माकणी धरणाच्या बाजूला एका खेड्यात एकटीच राहायची. मांडीचे हाड मोडले. सोलापूरला नेऊन शस्त्रक्रिया केली. डॉक्टरांनी घरी सोडताना बजावले, पायऱ्या चढायच्या नाहीत, उकिडवे बसायचे नाही, खुर्चीसारखा संडास लागेल, आणि तोही खोलीला लागून. तिला मूलबाळ नाही. मी धाकटा भाऊ. आई गेल्यावर तिनेच मला वाढवले. ती कुठे जाणार? माझ्याकडेच. पण माझ्याकडे म्हणजे पाच पायऱ्या चढून माळवदाखाली, आणि संडास अंगण ओलांडून परसात.

जिथे ती सुखाने राहिली असती त्या दोन खोल्या पुढे होत्या. घर माझे होते, सात-बाऱ्यासारखे लख्ख माझे. आणि त्यात पाच महिने दुसरे कोणी राहणार होते.

आता प्रश्न मांडतो. कीर्तनात जसा पूर्वपक्ष मांडतात तसा पूर्ण बळाने मांडतो, म्हणजे पुढे उत्तर दुबळे वाटले तर तुम्हीच मला पकडाल.

पूर्वपक्ष असा. घर मालकाचे आहे. त्याची गरज खरी आहे, लोभाची नाही. जास्त भाडे मिळावे म्हणून तो जागा मागत नाही. गरजही स्वतःच्या चैनीची नाही, मोडक्या पायाच्या म्हाताऱ्या बहिणीची आहे. भाडेकरू तरुण आहे, कमावता आहे, गावात दुसरी खोली शोधू शकतो. करार हा माणसांनी सोयीसाठी केलेला कागद. सोय बदलली, तर कागद का बदलू नये? आणि धर्मच विचाराल तर वडीलधाऱ्यांची सेवा मोठी, की शंभर रुपयांच्या कागदावरची तारीख मोठी?

हे सगळे मी मनात घोळवले आणि वकिली करणाऱ्या माझ्या पुतण्याकडे गेलो. वाटले, तो म्हणेल, 'काका, नोटीस देऊ या.' त्याने करार वाचला आणि विचारले, "काका, यात मुदतीआधी मालकाला जागा परत मागता येईल असं कलमच नाही. महिन्याच्या नोटिशीचं एक वाक्य घातलं असतं तर गोष्ट वेगळी होती. का नाही घातलं?"

मी म्हणालो, "गरज पडेल असं वाटलं नाही."

"मग त्यांनी पाच महिन्यांचं मन बांधलं ते तुमच्या शब्दावर. भाडं वेळेवर देतात, घराची नासधूस नाही, पोटभाडेकरू ठेवला नाही. कोर्टात जाऊन उभं राहीपर्यंत मुदतच संपेल."

मग त्याने मला कायद्याची थोडी हकीकत सांगितली. ती तुम्हालाही सांगतो, कारण तिच्यात मला धर्मशास्त्रासारखा विवेक दिसला. आमचा मराठवाडा निजामाच्या राज्यातला. म्हणून इथे हैदराबाद राज्याचा १९५४ चा घरभाड्याचा कायदा चाले. मुंबईकडे १९४७ चा वेगळा, विदर्भात आणखी निराळा. ते सगळे बाजूला सारून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आला. तो जिथे लागू आहे तिथे मालकाला, स्वतःसाठी किंवा आपल्या माणसांसाठी जागेची खरीखुरी आणि वाजवी गरज असेल, तर न्यायालयाकडे ताबा मागता येतो. पण एवढ्यावर ताबा मिळत नाही. न्यायाधीशाने तराजू धरायचा असतो. ताबा दिला तर भाडेकरूचे हाल किती होतील, आणि न दिला तर मालकाचे हाल किती? भाडेकरूचे पारडे जड असेल तर मालकाची गरज खरी असूनही ताबा नाकारला जातो. काही वेळा घराचा एखादा भागच मालकाला देऊन दोघांची सोय लावतात. आणि स्वतःच्या गरजेचे कारण सांगून जागा मिळवली आणि महिनाभरात मालक तिथे राहायला गेलाच नाही, किंवा वर्षाच्या आत ती दुसऱ्याला भाड्याने दिली, तर जुन्या भाडेकरूला ती परत मागता येते.

"आणि काका," पुतण्या उठता उठता म्हणाला, "वीज-पाणी तोडून भाडेकरूला हैराण करायला कायद्याने मनाई आहे. त्याला शिक्षाही आहे. तुम्ही करणार नाहीच, पण सांगून ठेवतो."

मी हसलो. मी कसा करेन!

त्या संध्याकाळी मी कंडक्टरांना अंगणात बोलावले आणि सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले. मग हात जोडले. "महाराज, आक्कांचं ऐकून वाईट वाटलं. पण पोरीची मार्चात बोर्डाची परीक्षा आहे. मी तीन दिवस घरी, तीन दिवस गाडीवर. आता घर शोधायचं, बिऱ्हाड हलवायचं, तिचं चित्त उडायचं. एप्रिलअखेर एक दिवसही जास्त राहणार नाही. त्याच्या आधी मात्र नाही जमणार. राग मानू नका."

मी म्हणालो, 'राग कसला.' पण राग आला होता, सज्जनहो. नकार ऐकायची तयारी नसताना मी विचारायला गेलो होतो. म्हणजे मी विचारले नव्हतेच. नम्र आवाजात हुकूम केला होता. मागणे आणि हुकूम यांतला फरक समोरच्याने 'नाही' म्हटल्यावर कळतो. तोपर्यंत दोन्ही सारखेच दिसतात.

दोन दिवसांनी मी पुढच्या टाकीचा कॉक बंद केला.

लोहाऱ्यात पाण्याची ओढ कशी असते ते इथल्या माणसाला सांगायला नको. नळाला पाणी येईल त्या दिवशी दिवाळी. आमच्या बोअरची मोटार दोन टाक्या भरते, एक मागची, एक पुढची. मी पुढचा कॉक फिरवला आणि सांगितले, मोटार जळाली आहे, दुरुस्तीला दोन-चार दिवस लागतील. मनात म्हटले, त्रास थोडाच देतोय. फक्त त्यांना कळावे की इथे आता कठीण आहे. दुसऱ्या दिवशी एकादशी होती. मी उपवास केला, हरिपाठ म्हटला, आणि खिडकीतून पाहिले तर ती मुलगी एका हातात कळशी आणि काखेत पुस्तक घेऊन शेजाऱ्यांच्या बोअरवर नंबर लावून उभी होती.

संध्याकाळी ती आमच्या पायऱ्या चढून आली. नेहमीसारखी वाकली. म्हणाली, "आजोबा, बाबांच्या ओळखीचा एक मोटारवाला आहे. सकाळी बोलावू का? तुम्हाला या वयात किती धावपळ."

मी 'बघतो' एवढेच म्हणालो. ती गेली. आक्का तेव्हा मधल्या घरात खाटेवर होती. चौघांनी उचलून पायऱ्या चढवून तिला आणले होते. तिने सगळे ऐकले असावे. तिने मला हाक मारली.

"आरं, मागं मोटार चालू हाय. मला हितं आवाज येतुय. पुढंच कशी जळाली?"

मी गप्प.

"माझ्या पायासाठी त्या लेकराला पाणी भराया लावतुस व्हय? आन् ती पोथ्यांची खोली कशाला ठिवलीस? पोथ्यास्नी खाट लागती का संडास?"

सज्जनहो, खरे सांगतो, ती खोली माझ्या हिशोबात आलीच नव्हती. मागच्या घराला डाव्या अंगाला एक खोली आहे. तिला अंगणातून वेगळे दार आणि एकच उंबरा. तिथे माझी वीणा, टाळ, पखवाज, कपाटभर पोथ्या, दोन सतरंज्या. दुपारी मी तिथे पडतो. कोणी विचारले की घरात जागा किती, तर मी ती खोली मोजतच नसे. ती 'पोथ्यांची' होती. न्यायाधीशाने तराजू धरला असता तर पहिला प्रश्न हाच विचारला असता, 'महाराज, तुमच्याकडे दुसरी जागा आहे का?' आणि मी शपथेवर 'नाही' म्हणालो असतो, आणि मला वाटले असते की मी खरेच बोललो.

गरज खरी असली की माणूस आंधळा कसा होतो ते मला त्या रात्री कळले. लोभी मालकाला निदान आत कुठेतरी ठाऊक असते की आपण लोभी आहोत. खऱ्या गरजेचा मालक मात्र स्वतःला न्यायी समजतो, आणि म्हणून त्याला काहीही करायला लाज वाटत नाही. बहिणीच्या सेवेसाठी मी पाणी तोडले. सेवेचे नाव नसते तर मला ते जमले नसते.

झोप आली नाही. आठवण आली ती ३० सप्टेंबर १९९३ ची. अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून लोक नुकते निजले होते. पहाटे चारच्या आसपास जमीन हलली. तिकडे किल्लारी, इकडे आमच्या भागातले सास्तूर. जाड दगडी भिंती आणि त्यावर हातहात मातीचे माळवद. ज्या घराने उन्हाळ्यात थंड ठेवले तेच घर अंगावर आले. हजारो माणसे गेली. बावन्न गावे पुढे जुनी जागा सोडून नव्या जागी वसवावी लागली. त्या पहाटे कुणाला नोटीस मिळाली नव्हती.

आम्ही वाचलो. पण घरात जायची हिंमत नव्हती. गावाबाहेर एका शेतकऱ्याच्या वावरात आम्ही चार कुटुंबांनी पाल ठोकले, पुढे पत्रे मिळाले. तो ऑक्टोबर होता. रब्बीच्या ज्वारीची पेरणी तोंडावर. पाऊस झालेला, वाफसा आलेला. तिफण जोडायची वेळ, आणि वावराच्या कोपऱ्यात आम्ही. मी त्या शेतकऱ्याला म्हणालो, "तुमची पेरणी खोळंबली. आम्ही दुसरीकडे बघतो." तो म्हणाला, "पेरणी पुढल्या साली बी येती, महाराज. तुमचं माळवद पुढल्या साली येणार हाय का?" त्याने तेवढा कोपरा पडीक ठेवून बाकीचे रान पेरले. आम्ही उन्हाळ्यापर्यंत तिथे होतो. त्याच्याशी आमचा करार नव्हता, तारीख नव्हती, भाडे नव्हते. जमीन त्याची, गरज त्याची, आणि तरीही थांबला तो.

त्या माणसाला मी किती कीर्तनांत धन्यवाद दिले असतील. आणि स्वतः मालक झालो तेव्हा पाच महिनेही थांबता येईना.

आता सिद्धान्ताकडे येतो. मला जे कळले ते तीन गोष्टींच्या आधाराने सांगतो; तिन्ही तुमच्या परिचयाच्या आहेत.

पहिली आपल्याच जिल्ह्यातली, तेरच्या गोरोबाकाकांची. बायकोने रागाच्या भरात विठ्ठलाची आण घालून म्हटले, मला शिवू नका. काकांनी ती पाळली. पुढे सासऱ्याने धाकटी मुलगीही दिली आणि सांगितले, दोघींना सारखेच वागवा. काकांनी तोही शब्द अक्षरशः पाळला. धाकटीलाही शिवले नाही. ऐकताना आपल्याला हसू येते, की एवढे कशाला? पण त्या कथेचे मर्म हे की शब्द दिला तेव्हा पुढे काय गैरसोय होईल ते माहीत नव्हते, आणि गैरसोय झाल्यावर काकांनी शब्दाचा अर्थ आपल्या बाजूने वळवून घेतला नाही. सोयीचा असेपर्यंत शब्द सगळेच पाळतात. ३० एप्रिल ही तारीख मी लिहून दिली तिचा कस डिसेंबरातच लागायचा होता.

दुसरी देहूची. परंपरा सांगते की तुकोबारायांनी घरातली सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत सोडली. पण एक बारकावा आपण पटकन ओलांडतो. धाकट्या भावाचा, कान्होबांचा, वाटा त्यांनी भावाच्या हाती दिला. बुडवला तो फक्त स्वतःचा वाटा. एवढा विरक्त माणूस, पण भावाच्या हक्कावर त्यांनी आपल्या वैराग्याचा हात टाकला नाही. त्याग स्वतःच्या हिश्शाचाच करता येतो. त्या पाच महिन्यांचा हक्क माझ्या हिश्शात नव्हता. तो मी कराराने कंडक्टरांच्या हाती दिला होता. आक्काची सेवा करायची तर ती माझ्या खोलीतून, माझ्या पैशातून, माझ्या झोपेतून करायची. दुसऱ्याच्या हिश्शातून केलेली सेवा पुण्य माझ्या नावावर लिहिते आणि खर्च दुसऱ्याच्या.

तिसरी गोष्ट पंढरीची, आणि ती तर आपण रोज डोळ्यांनी पाहतो. पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपत होता. दारात कोण आले? साऱ्या विश्वाचा मालक. ज्याच्या मालकीची जमीन, ज्याच्या मालकीचे घर, ज्याच्या मालकीचा पुंडलिकही. पुंडलिकाने वीट फेकली आणि सांगितले, हातातले काम होईपर्यंत थांब. देवाने काय केले? 'घर माझे आहे' असे म्हटले नाही. 'मला गरज आहे' असेही म्हटले नाही. आणि भेटीची ओढ त्याला होतीच, नाहीतर आला कशाला? तो विटेवर उभा राहिला. कमरेवर हात ठेवून अजून उभा आहे. आपण त्याच्या उभे राहण्याला भक्ताची थोरवी म्हणतो. मला आता त्यात मालकाचा धर्म दिसतो. आत कोणी आपल्या कर्तव्यात गुंतलेले असेल तर मालकाने दारात थांबावे. मालकाला थांबता येते, म्हणून तो मालक.

कोणी म्हणेल, 'महाराज, तुमचा भाडेकरू सज्जन होता. मुदत संपून वर्षे लोटली तरी न हलणारे पाहिलेत का? विधवा बाई स्वतःच्या घरासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवते आणि भाडेकरू दाराला कुलूप लावून बसतो.' पाहिलेत. आणि तिथे माझा कौल पूर्णपणे त्या बाईकडे आहे. शब्द दोघांना बांधतो. मुदत संपल्यावर एक दिवसही राहणे हे परक्याच्या पानातले उचलून खाणे आहे. कायदाही हे जाणतो: परवानगीच्या कराराने दिलेली राहती जागा मुदत संपूनही सोडली नाही तर ठरलेल्या मोबदल्याच्या दुप्पट भरपाई मालकाला मागता येते. जो भाडेकरू तारखेला निघत नाही तो पुढच्या दहा गरजूंना मिळणारी खोली बंद करतो, कारण मालक घाबरून कुलूप लावून ठेवतात. पण म्हणूनच, तारखेनंतर भाडेकरूने निघावे असे ज्याला वाटते त्याने तारखेआधी त्याला ढकलू नये. तारीख एकच आहे. ती एकाला धरते आणि दुसऱ्याला सोडते असे होत नाही.

मग मालकाने मागायचेच नाही का? मागावे. गरज लपवून ठेवणेही खरे नव्हे. पण कसे मागावे ते मी चूक करून शिकलो. घर देतानाच विचार करावा की घरात म्हातारे माणूस आहे, परगावी मुलगा आहे, उद्या जागा लागेल. तसे वाटत असेल तर करारात नोटिशीचे कलम उघड घालावे आणि तोंडानेही सांगावे, म्हणजे घेणारा जाणून घेईल. मध्येच गरज पडली तर मागण्याआधी स्वतःच्या घरातली प्रत्येक खोली मोजावी, पोथ्यांची सुद्धा. मागताना समोरच्याचे काय अडते ते आधी विचारावे. तो निघायला राजी झाला तर दुसरी जागा शोधायला त्याच्याबरोबर चार दारे फिरावे, टेम्पोचे भाडे आपण द्यावे, अनामत रक्कम त्याच दिवशी हातात ठेवावी. आणि तो 'नाही' म्हणाला तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या टाकीत पहिल्याइतकेच पाणी असावे. हे शेवटचे सगळ्यांत अवघड आहे, आणि माझे अडले ते तिथेच.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी कॉक उघडला. कंडक्टर ड्युटीवरून आल्यावर त्यांच्या दारात गेलो आणि म्हणालो, "मोटार जळाली नव्हती. मी पाणी बंद केलं होतं."

ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "माहीत होतं महाराज. रात्री तुमच्याकडं मोटार चालायचा आवाज येत होता." आणि मग हळूच, "पोरीला सांगू नका. तिला तुमच्या पाया पडायची सवय आहे."

हे वाक्य मी विसरू शकलेलो नाही. त्यांनी मला शिवी दिली असती तर बरे झाले असते.

त्याच आठवड्यात पोथ्यांचे कपाट माळवदाखाली गेले, वीणा खुंटीला टांगली गेली. त्या खोलीला लागून गवंड्याकडून खुर्चीचा संडास बांधून घेतला, उंबरा फोडून उतार केला. पंधरा दिवस लागले आणि माझी बिदागीची शिल्लक बरीचशी गेली. तोवर आक्काचे सगळे खाटेवर करावे लागले. ते मी आणि सूनबाईंनी केले. सांगायला सोपे आहे, करायला नाही. पण ते आमच्या हिश्शाचे होते. आक्का त्या खोलीत दीड वर्ष राहिली. दुपारी कंडक्टरांच्या घरातून बाई येऊन तिची वेणी घालीत. मुलगी परीक्षेच्या दिवसांत तिच्याजवळ बसून मोठ्याने वाची. आक्काला इतिहास फार आवडे.

३० एप्रिलला सकाळी त्यांनी किल्ली आणून दिली. घर झाडून-पुसून स्वच्छ. एक खिळाही जास्त ठोकलेला नव्हता. मी म्हणालो, आता जागेची निकड नाही, राहा. ते म्हणाले, "नाही महाराज. शब्द दिला होता." दोन गल्ल्या पलीकडे त्यांनी घर घेतले होते.

मुलगी आता कॉलेजात आहे. हा लेख लिहायला घेतला तेव्हा वाटले, ती वाचेल. त्याआधी आपणच सांगावे. बोलावले आणि सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "आजोबा, मला त्याच दिवशी कळलं होतं. म्हणून तर मोटारवाल्याचं विचारायला आले होते."

मी विचारले, "मग पाया का पडलीस?"

ती म्हणाली, "तुम्ही कॉक उघडाल असं वाटलं होतं."

सज्जनहो, देह भाड्याचे घर आहे हा दृष्टान्त खराच आहे, आणि माझी मुदत आता जवळ आली आहे. मालक येईल तेव्हा येईल. पण तो विटेवर उभा राहून मी हातातले काम पुरे करीपर्यंत थांबला आहे, हे मला आता दिसते. त्याने आजवर माझे पाणी तोडलेले नाही. आपणही कुणाचे तोडू नये, एवढीच त्याच्या चरणी प्रार्थना.

राम कृष्ण हरि.